पाथवेच्या चित्रातला प्रत्येक बाण नेमकं काय सांगतो?

विश्वामित्रीकाठ

इन्सुलिनचा पाथवे, म्हणजे पेशीत संदेश एका रेणूकडून दुसऱ्याकडे कसा जातो त्याची साखळी, काढा म्हटलं की मुलं न अडखळता काढतात. इन्सुलिन, बाण, रिसेप्टर, बाण, आयआरएस-१, बाण, पीआय-३ कायनेज, बाण, एकेटी, बाण, ग्लूट-४, बाण, ग्लुकोज. मधली सगळी पेशीतली प्रथिनं. सात नावं, सहा बाण, पूर्ण गुण.

मी बडोद्यात एम.एस्सी.च्या मुलांना जीवरसायनशास्त्र शिकवते. हल्ली मी याच चित्रातल्या एकेका बाणावर बोट ठेवून विचारते, की इथे काय घडलं? पहिल्या बाणाशी इन्सुलिन रिसेप्टरला जाऊन चिकटलं. दुसऱ्याशी रिसेप्टरने आयआरएस-१ वर फॉस्फेट चढवला. तिसऱ्याशी पीआय-३ कायनेज येऊन आयआरएस-१ ला धरून बसलं. चौथ्या बाणात तर लिपिडची एक अख्खी पायरी गिळली गेली आहे. पाचव्यात कुणी कुणाला चालना देत नाही, तिथे एक अडथळा दूर होतो. आणि सहाव्यात ग्लूट-४ चं ग्लुकोज होत नाही, ग्लुकोज त्याच्यातून पेशीत शिरतं. सहा गोष्टी वेगळ्या, खूण मात्र एकच. ज्याला विषय आधीच येतो त्यालाच हे चित्र कळतं. मग ते शिकण्यासाठी काय कामाचं?

जुन्या भिंतीवरच्या तक्त्यांना ही अडचण आली नाही. लीड्सच्या डोनाल्ड निकल्सन यांचा चयापचयाचा तक्ता १९५५ चा, गेरहार्ड मिशल यांचा बोरिंगर मानहाइमने छापलेला १९६५ चा. कित्येक विभागांच्या भिंतींवर ते अजून आहेत. त्यातला मुख्य बाण एकच गोष्ट सांगतो: या रेणूचा तो रेणू झाला. संदेशवहनाचे पाथवे आले आणि गाडी अडली. इथे प्रथिनं एकमेकांत रूपांतरित होत नाहीत; चिकटतात, सुटतात, एकमेकांवर खुणा करतात, जागा बदलतात, एकमेकांना रोखतात. कर्ट कोन यांनी १९९९ मध्ये पेशीचक्र आणि डीएनए-दुरुस्तीचा रेणू-नकाशा काटेकोर चिन्हांनी काढून दाखवला. जपानमध्ये हिरोआकी कितानो यांच्या गटाने स्वतःची चिन्हं बसवली. मग बऱ्याच देशांतल्या लोकांनी एकत्र बसून एक प्रमाण चिन्हपद्धती ठरवली, ती एसबीजीएन, म्हणजे सिस्टिम्स बायॉलॉजी ग्राफिकल नोटेशन. २००९ मध्ये नेचर बायोटेक्नॉलॉजीत ती प्रसिद्ध झाली. निकोला ल नोव्हेर हे त्या लेखाचे पहिले लेखक.

तिच्यात तीन चित्रभाषा आहेत. 'प्रोसेस डिस्क्रिप्शन'मध्ये काय घडतं ते पायरीपायरीने काढायचं. 'ॲक्टिव्हिटी फ्लो'मध्ये कुणाच्या क्रियेचा कुणाच्या क्रियेवर परिणाम होतो एवढंच. 'एन्टिटी रिलेशनशिप'मध्ये प्रत्येक रेणू एकदाच काढून त्याला लागू असलेले नियम जोडायचे. धागा मुख्यतः पहिलीवर आहे, कारण विद्यार्थ्याच्या डोक्यातला गोंधळ तीच उपसून काढते.

पहिलीतल्या खुणा अशा. लहान रेणू, म्हणजे ग्लुकोज किंवा एटीपी (फॉस्फेट पुरवणारा ऊर्जा-रेणू, फॉस्फेट दिला की त्याचा एडीपी होतो), वर्तुळात. प्रथिन गोल कोपऱ्यांच्या चौकटीत. अनेक रेणू एकत्र चिकटून झालेला संकुल कोपरे छाटलेल्या चौकटीत, आणि घटक त्याच्या पोटात दिसले पाहिजेत. फॉस्फेट चढला आहे की नाही हे प्रथिनाच्या कडेवर बसवलेल्या छोट्या लंबगोल खुणेत लिहायचं. पेशी, केंद्रक वगैरे कप्पे जाड कडेचे. आणि सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे एक इवलासा चौरस: प्रक्रिया. जे काही घडतं ते या चौरसात घडतं. एका बाजूने साधी रेघ आत येते, म्हणजे हे खर्च झालं. समोरच्या बाजूने भरीव टोकाचा बाण बाहेर जातो, म्हणजे हे तयार झालं. एन्झाइमची, म्हणजे प्रक्रिया घडवणाऱ्या प्रथिनाची, रेघ चौरसापाशी येऊन छोट्या गोलात संपते. रोखणाऱ्याची रेघ आडव्या दांडीत संपते. चालना देणाऱ्याच्या टोकाला पोकळ त्रिकोण. परिणाम आहे, पण कुठल्या दिशेचा ते ठरलेलं नसेल तर पोकळ शंकरपाळा.

मुलांना पहिल्याच दिवशी खटकणारा नियम: एन्झाइमची रेघ प्रथिनावर जात नाही, चौरसावर जाते. एकेटी कुणाला 'सक्रिय करतो' असं काढायची सोयच नाही. एकेटी कुठली प्रक्रिया घडवतो? त्या प्रक्रियेत काय आत जातं, काय बाहेर येतं? तेवढं सांगता आलं तर काढा.

मघाचा चौथा बाण या पद्धतीने उघडून बघा. पेशीआवरणातलं पिप-२ हे लिपिड चौरसात जातं, पिप-३ बाहेर येतं. बाजूने एटीपी आत, एडीपी बाहेर. पीआय-३ कायनेजची रेघ गोलात संपते. पिप-३ ला एकेटी येऊन चिकटतो आणि आवरणापाशी पोचतो. तिथे पीडीके-१ त्याच्या ३०८ व्या जागी, थ्रिओनीनवर, फॉस्फेट चढवतं, आणि एमटॉरसी-२ हा संकुल ४७३ व्या जागी, सेरीनवर. शिवाय पीटेन हे प्रथिन पिप-३ चं परत पिप-२ करतं. हा परतीचा रस्ता त्याच चौरसाला दुतर्फा बाण लावून दाखवायचा नाही. पीटेनच्या प्रक्रियेत एडीपीचं एटीपी होत नाही, नुसता फॉस्फेट सुटतो. रस्ता वेगळा, म्हणून चौरस वेगळा.

एका बाणाच्या जागी पाच प्रक्रिया आल्या. चित्र मोठं झालं, पण आता त्यावर वाद घालता येतो. कुणी म्हणू शकेल, की ही रेघ चुकीच्या चौरसावर आहे. सहा बाणांच्या चित्राला चूक ठरवणंही शक्य नव्हतं, माझी मुख्य तक्रार तीच आहे.

इथे संगणक, वैद्यक, अभियांत्रिकी, चित्रकला अशा सगळ्या क्षेत्रांतली मंडळी आहेत. तुमच्याकडे असं चित्रण कसं करतात, तेही लिहा.

नंदेसरी_निवृत्त

ताई, धागा दोनदा वाचला. मी केमिकल इंजिनिअर, अख्खी नोकरी रिफायनरी आणि नंदेसरीच्या कारखान्यांत गेली. जीवशास्त्र अकरावीला सोडलं. तरी तुमचं म्हणणं लगेच पोचलं, कारण आमच्याकडे यावर माणसांचे जीव अवलंबून असतात.

प्लान्टचं पी अँड आयडी, म्हणजे पाइपिंग आणि इन्स्ट्रुमेंटेशनचा नकाशा, आम्ही आयएसए ५.१ या प्रमाणाच्या चिन्हांनी काढतो. ज्या रेघेतून माल वाहतो ती वेगळी आणि ज्या रेघेतून नुसता हुकूम जातो ती वेगळी. विजेचा सिग्नल तुटक रेघेने, हवेच्या दाबाचा सिग्नल दोन तिरप्या फराट्यांच्या रेघेने. उपकरणाच्या गोलात आडवी रेघ असेल तर ते कंट्रोल रूमच्या पॅनेलवर, नसेल तर जागेवर फील्डमध्ये. हे कुणाला विचारावं लागत नाही. रात्रपाळीचा नवा माणूस सुद्धा नकाशा उघडून योग्य व्हॉल्व्हपाशी जातो.

तुमच्या चित्रात खर्च आणि उत्पादनाच्या रेघा म्हणजे आमचे पाइप, आणि गोलात किंवा दांडीत संपणाऱ्या रेघा म्हणजे सिग्नल. सिग्नल पाइपावर येत नाही, व्हॉल्व्हवर येतो. तुमचा तो इवला चौरस म्हणजे व्हॉल्व्ह. मुलांनी काढलेल्या चित्रात पाइप आणि सिग्नल एकाच पेनाने ओढले आहेत. असा नकाशा माझ्या टेबलावर आला असता तर मी सही केली नसती.

एक शंका. आमच्याकडे पी अँड आयडीच्या आधी पीएफडी, म्हणजे प्रोसेस फ्लो डायग्राम, असतो. त्यात मुख्य टाक्या, कॉलम, पंप आणि प्रवाह एवढंच. मॅनेजमेंटच्या मीटिंगला तोच लावतात, पी अँड आयडी तिथे कुणी उघडत नाही. तुमचं 'ॲक्टिव्हिटी फ्लो' हे पीएफडीसारखं का?

विश्वामित्रीकाठ

काका, सिग्नल व्हॉल्व्हवर येतो, हे मी वर्गात तुमच्या नावाने सांगणार.

पीएफडीशी साम्य बरंच आहे, पण एक फरक आहे. पीएफडीत माल तरी वाहतो. ॲक्टिव्हिटी फ्लोमध्ये माल अजिबात नाही, सगळे सिग्नलच. चौकटीत प्रथिन लिहिलं असलं तरी तिचा अर्थ त्या प्रथिनाची क्रिया असा असतो. म्हणून तिथे एका क्रियेवरून दुसरीवर थेट बाण चालतो, मधला चौरस लागत नाही.

माझ्या यादीतला पाचवा बाण, एकेटीपासून ग्लूट-४ पर्यंतचा, याच भाषेत चांगला दिसतो. एकेटी एएस-१६० या प्रथिनाला रोखतो, एएस-१६० रॅब प्रथिनांना रोखतं, रॅबमुळे ग्लूट-४ च्या पिशव्या पेशीआवरणाकडे सरकतात. दोन आडव्या दांड्या आणि एक त्रिकोण. रोखणाऱ्यालाच रोखलं, म्हणून वाट मोकळी झाली. मुलांच्या साध्या बाणात हा सगळा मजकूर हरवतो. पुढे कुणी विचारलं, की एएस-१६० अजिबात नसेल तर इन्सुलिनवाचून ग्लूट-४ वर येईल का, तर साध्या बाणावरून तो प्रश्न सुचतसुद्धा नाही. दांड्या दिसल्या की आपोआप सुचतो.

तेच प्रोसेस डिस्क्रिप्शनमध्ये काढायचं तर एएस-१६० रॅबचं चालू रूप (जीटीपी-रूप) बंद रूपात (जीडीपी-रूपात) नेण्याला मदत करतं, तो एक चौरस. एकेटी एएस-१६० वर फॉस्फेट चढवतो, तो दुसरा. पिशवीतला ग्लूट-४ चौरसात जाऊन आवरणावरचा ग्लूट-४ चौरसाबाहेर येतो, तो तिसरा. वाहतुकीसाठी निराळी खूण नाही. एकच प्रथिन दोन कप्प्यांत असेल तर ते दोनदा काढायचं आणि मधे चौरस.

प्रतापगंज_एमएस्सी

मॅडम, मला डिझर्टेशनसाठी हाच पाथवे काढायचा आहे, लिव्हर आणि मसल दोन्हींत. आत्तापर्यंत पॉवरपॉइंटमध्ये काढत होतो. कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? पैसे भरायचं नको. हॉस्टेलचं नेट पण हळू चालतं. आणि केगचं चित्र जसंच्या तसं घेतलं तर चालेल का?

विश्वामित्रीकाठ

केगपासून सुरू करते. क्योटोचा तो पाथवेंचा संग्रह १९९५ पासून आहे आणि शोधायला उत्तम, पण त्याची चिन्हं त्याची स्वतःची आहेत. एकाच चौकटीत कधीकधी जनुकांचं अख्खं कुटुंब असतं. त्याचा आधार घ्या, चित्र मात्र उचलू नका. रिअॅक्टोम या दुसऱ्या संग्रहात प्रत्येक प्रक्रिया मूळ शोधनिबंधांशी जोडलेली आहे आणि तिथून पाथवे एसबीजीएनच्या फाइलमध्ये उतरवून घेता येतो. रिकाम्या पानापेक्षा तिथून सुरुवात करा आणि जे तुमच्या प्रश्नाशी संबंधित नाही ते काढून टाका.

सॉफ्टवेअरमध्ये न्यूट आधी उघडा. अंकाऱ्याच्या बिलकेंट विद्यापीठातल्या गटाने केलेलं आहे, ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, मांडणी आपोआप लावून देतं. नेट हळू असेल तर संगणकावर उतरवून घ्यायचं व्हँटेड आणि त्यातलं एसबीजीएन-ईडी हे जोडकाम बरं. त्याचा मोठा गुण म्हणजे ते नियम तपासतं. एन्झाइमची रेघ चौरसाऐवजी प्रथिनावर टेकवली की चूक दाखवतं. शिकताना असं कुणीतरी पाठीशी हवंच. वाय-एडमध्येही या खुणांचा संच मिळतो, पण तिथे नुसती आकृती आहे, तपासणी नाही.

सेलडिझायनर सगळ्यात जास्त वापरलं जातं, आणि पुढे गणिती मॉडेल चालवायचं असेल तर तेच घ्यावं. पण लक्षात ठेवा, त्याच्या मूळ खुणा कितानोंच्या आधीच्या पद्धतीच्या आहेत, एसबीजीएनशी तंतोतंत जुळत नाहीत. शेवटी एसबीजीएनमध्ये निर्यात करून मगच प्रबंधात लावा.

लिव्हर आणि मसल एकाच चित्रात कोंबू नका. ग्लुकोज-६-फॉस्फेटचं परत ग्लुकोज करणारं एन्झाइम लिव्हरमध्ये आहे, स्नायूत नाही, आणि लिव्हरमध्येही ते एंडोप्लाझमिक रेटिक्युलमच्या आत बसलेलं असतं. म्हणजे तिथे एक जादा कप्पा हवा आणि त्यात जाणारी वाहतुकीची प्रक्रिया हवी. मसलच्या नकाशात हा सगळा भाग येताच कामा नये. लिव्हरच्या नकाशात ग्लूट-४ ही नको. तिथे ग्लूट-२ आहे, आणि त्याला आवरणावर यायला इन्सुलिनची वाट बघावी लागत नाही.

रेघारंग

मी इथल्याच फाइन आर्ट्सची, आता पाठ्यपुस्तकांची चित्रं काढते. विज्ञानातलं मला फार कळत नाही, पण चित्राबद्दल दोन गोष्टी मनापासून सांगायच्या आहेत.

धागा वाचून न्यूटमध्ये एक नमुना उघडला. खुणा स्वच्छ आहेत, लहान छापल्या तरी आकार ओळखू येतात. पण आपोआप लावलेली मांडणी बघून डोळे शिणले. रेघा एकमेकींना छेदतात, एटीपी एकच असल्यामुळे सगळीकडून रेघा त्याच्याकडे धावतात, आणि मुख्य वाट कुठली ते समजत नाही. चिन्हं बरोबर असली म्हणजे चित्र वाचता येतंच असं नाही. मी असते तर मुख्य वाट सरळ वरून खाली नेली असती, मदतनीस रेणू बाजूला लहान कमानीत ठेवले असते, आणि कप्प्यांच्या कडांपाशी भरपूर मोकळी जागा सोडली असती.

दुसरं म्हणजे रंग. तुम्ही रंगाचा उल्लेखही केला नाहीत. पाठ्यपुस्तकात आम्हाला पहिला प्रश्न रंगाचाच येतो. आणि लेबलं मराठीत लिहिली तर चालतात का?

विश्वामित्रीकाठ

तुमच्यासारखं कुणी या धाग्यावर यावं अशी फार इच्छा होती.

एटीपीची अडचण नियमांतच सोडवलेली आहे. तोच रेणू पुन्हा काढता येतो, फक्त प्रत्येक प्रतीच्या तळाशी गडद पट्टा द्यायचा, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हा नकाशात आणखीही कुठेतरी आहे. एटीपी, एडीपी, पाणी, फॉस्फेट यांच्या प्रती बिनदिक्कत करा. सिग्नलच्या मुख्य प्रथिनांच्या मात्र टाळा, नाहीतर एकेटीवर कोण कोण येऊन मिळतं ते एका नजरेत दिसणार नाही.

रंगाला या पद्धतीत अर्थच नाही, हे जाणूनबुजून ठरवलेलं आहे. रेघेची जाडी, अक्षराचा आकार, यांनाही नाही. सगळा रंग काढून काळंपांढरं छापलं तरी मजकूर तोच राहिला पाहिजे. ज्यांना लाल-हिरवा वेगळा दिसत नाही त्यांनाही तेच चित्र वाचता येतं. रंग वापरायला बंदी नाही. मुख्य वाट उठून दिसावी म्हणून, किंवा स्वतःच्या प्रयोगातली कमीजास्त पातळी दाखवायला जरूर वापरा, फक्त तो तुमचा थर आहे हे खाली लिहा.

लेबलं मराठीत लिहा. शाळेच्या पुस्तकासाठी तर नक्कीच. प्रबंधात मात्र जनुकांची प्रमाण नावंच ठेवावीत, त्यावरून शोध घेता येतो.

मांडणीचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य. आपोआप मांडणी ही पहिली पायरी धरावी, नंतर हाताने सरकवावं. या कामाला चित्रकाराची नजर लागते आणि आमच्या क्षेत्रात तिला फार कमी किंमत दिली जाते. एक पथ्य तेवढं सांभाळा: रिसेप्टर अर्धा आवरणाबाहेर, अर्धा आत असा काढलात तर दिसायला छान दिसतं, पण नकाशाच्या लेखी तो एकाच कप्प्याचा असतो. कुठल्या, ते फाइलमध्ये ठरवावं लागतं.

डॉ_रावपुरा

माझ्या ओपीडीत रोज मधुमेहाचे रुग्ण असतात आणि मेटफॉर्मिन लिहिलं नाही असा दिवस जात नाही. कंपन्यांच्या पत्रकात त्याचं चित्र फार सोपं असतं: मेटफॉर्मिन, बाण, एएमपीके (पेशीतली ऊर्जा कमी पडली की जागं होणारं एन्झाइम), बाण, साखर कमी. माझ्या पोस्ट ग्रॅज्युएशनच्या वेळी आम्ही तेच पाठ केलं. आता वाचनात वेगळंच येतं. हे तुमच्या पद्धतीत कसं काढाल? जिथे शास्त्रज्ञांचंच एकमत नाही तिथे इतक्या काटेकोर चिन्हांचा उपयोग होतो की उलट खोटा विश्वास निर्माण होतो?

विश्वामित्रीकाठ

डॉक्टर, माझ्या मते या चिन्हांची खरी परीक्षा तुमच्याच प्रश्नात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२००० मध्ये दिसून आलं की मेटफॉर्मिन मायटोकॉन्ड्रियातल्या श्वसनसाखळीच्या पहिल्या संकुलाला रोखतं. २००१ मध्ये दिसलं की यकृतपेशींत एएमपीके सक्रिय होतं. दोन्ही जोडून छान गोष्ट तयार झाली: ऊर्जा कमी पडली, एएमपी वाढलं, एएमपीके जागं झालं, ग्लुकोज बनवणं थांबलं. २०१० मध्ये यकृतात एएमपीके नसलेल्या उंदरांतही मेटफॉर्मिनने ग्लुकोजची निर्मिती कमी केली. २०१४ मध्ये ग्लिसरोफॉस्फेट डिहायड्रोजिनेज या मायटोकॉन्ड्रियातल्या एन्झाइमवर बोट ठेवलं गेलं. चर्चा आजही चालू आहे.

पत्रकातल्या बाणात हे मावत नाही, कारण बाणाला 'बहुतेक' म्हणता येत नाही. इथे म्हणता येतं. प्रक्रिया घडते की नाही याचीच खात्री नसेल तर चौरसात प्रश्नचिन्ह घालायचं. मधल्या पायऱ्या आहेत हे माहीत आहे पण दाखवायच्या नाहीत, तर चौरसात दोन तिरप्या रेघा. परिणाम दिसतो पण चालना की अडसर हे ठरलेलं नाही, तर शंकरपाळा. रेणू आहे, पण कुठल्या प्रकारचा ते ठाऊक नाही, तर साधा लंबगोल.

या लंबगोलाचं एक खरं उदाहरण. एकेटीच्या ४७३ व्या जागी फॉस्फेट कोण चढवतं हे बरीच वर्षं माहीत नव्हतं. पीडीके-२ असं नाव देऊन लोक काम चालवत होते. २००५ मध्ये ते काम एमटॉरसी-२ करतो हे सापडलं. त्याआधीचा नकाशा या चिन्हांनी काढला असता तर तिथे लंबगोल असता, आणि नंतर त्याच जागी छाटलेल्या कोपऱ्यांचा संकुल बसला असता. बाकीच्या नकाशाला हात लावायची गरज नव्हती.

तेव्हा मेटफॉर्मिनचा नकाशा मी असा काढेन: पहिल्या संकुलाच्या प्रक्रियेवर दांडी, ग्लिसरोफॉस्फेटच्या प्रक्रियेवर दुसरी दांडी, एएमपीकेकडे जाणारी वाट वेगळी, आणि तिच्यापासून ग्लुकोज-निर्मितीपर्यंत प्रश्नचिन्हाचा चौरस. प्रत्येक रेघेला मूळ निबंधाचा क्रमांक फाइलमध्ये जोडून. खोटा विश्वास साध्या बाणाने निर्माण होतो, कारण त्याला शंका दाखवताच येत नाही.

बडोदेकर_पुण्यात

मूळचा कारेलीबागचा, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. फाइलच्या बाजूने थोडी भर घालतो.

ही चित्रं साठवायला एसबीजीएन-एमएल नावाचा एक्सएमएल प्रकार आहे, आणि तो वाचण्या-लिहिण्यासाठी लिब-एसबीजीएन ही लायब्ररी, तिचा निबंध २०१२ चा. फाइलमध्ये प्रत्येक खुणेचा प्रकार, लेबल, जागा आणि कुठली रेघ कुठून कुठे जाते हे मजकूर म्हणून असतं. याचा फायदा पॉवरपॉइंट वापरणाऱ्यांच्या पटकन लक्षात येत नाही. पॉवरपॉइंटला रेघ म्हणजे रेघ. इथे संगणकाला कळतं की ही उत्प्रेरणेची रेघ आहे आणि ती अमुक चौरसावर टेकली आहे. त्यामुळे दोन आवृत्त्यांतला फरक काढता येतो, 'एकेटीला पोचणाऱ्या सगळ्या वाटा दाखव' असं विचारता येतं, दुसऱ्या कुणाच्या नकाशाला आपला जोडता येतो.

एसबीएमएल या दुसऱ्या फाइल-प्रकाराशी गल्लत करू नका. त्यात मॉडेलचं गणित असतं: वेग, प्रमाण, समीकरणं. एसबीजीएनमध्ये चित्र. एकाच पाथवेची दोन्ही असू शकतात.

कोविडच्या काळात, २०२० मध्ये, विषाणू पेशीत काय काय करतो याचे नकाशे जगभरातल्या गटांनी मिळून काढायला घेतले, कोविड-१९ डिझीज मॅप. वेगवेगळ्या देशांतली माणसं, वेगवेगळी सॉफ्टवेअरं, तरी भाग एकमेकांत बसवता आले, ते अशा प्रमाण चिन्हांमुळे आणि फायलींमुळे.

एक प्रश्न मात्र आहे. एखाद्या रिसेप्टरवर फॉस्फेटच्या दहा जागा असतील आणि प्रत्येक जागा स्वतंत्र असेल तर १०२४ अवस्था होतात. प्रोसेस डिस्क्रिप्शनमध्ये त्या सगळ्या काढणार कशा?

विश्वामित्रीकाठ

नाही काढायच्या, आणि काढताही येणार नाहीत. तिसरी भाषा, एन्टिटी रिलेशनशिप, यासाठीच आहे. रिसेप्टर एकदाच काढायचा आणि नियम लावायचे: या जागी फॉस्फेट असेल तर अमुक प्रथिन चिकटतं. दहा जागांचे दहा नियम. घटनांचा क्रम त्यात दिसत नाही, ती तिची मर्यादा. कोन यांच्या १९९९ च्या नकाशामागचा विचार हाच होता. शिकवताना मी ती शेवटी घेते, कारण क्रम सोडून विचार करायला मुलांना जड जातं. ही भाषा वापरणारेही कमी आहेत, साधनंही कमी.

नंदेसरी_निवृत्त

प्रतापगंजच्या मुलाला एक सूचना. आमच्याकडे नकाशाच्या कोपऱ्यात रकाना असतो: आवृत्ती, तारीख, काय बदललं, कुणी तपासलं. तुझ्या नकाशातही ठेव. डिझर्टेशन संपेपर्यंत दहा वेळा बदलेल.

प्रतापगंज_एमएस्सी

रकाना केला, काका.

मॅडम, व्हँटेडमध्ये मसलचा नकाशा काढला. पहिल्या तपासणीत बऱ्याच चुका आल्या, जवळजवळ सगळ्या एकाच प्रकारच्या: रेघ चौरसाऐवजी प्रथिनावर. आता एकच राहिलं आहे. एकेटीवर ३०८ आणि ४७३ अशा दोन जागा. दोन्ही रिकाम्या, एक भरलेली, दुसरी भरलेली, दोन्ही भरलेल्या, अशा चार अवस्था होतात. चारही काढू का? गाइड म्हणतात एवढं नको.

विश्वामित्रीकाठ

तुझा प्रश्न काय आहे त्यावर ठरव. इन्सुलिनमुळे ग्लूट-४ आवरणावर कसं येतं, एवढंच दाखवायचं असेल तर रिकामा एकेटी, मधे दोन तिरप्या रेघांचा चौरस, पलीकडे दोन्ही जागा भरलेला एकेटी. वाचणाऱ्याला कळेल की पायऱ्या आहेत आणि तू त्या मुद्दाम गाळल्या आहेस. गाइडचं म्हणणं इथे योग्य आहे.

पण तुझ्या प्रयोगात तू ३०८ आणि ४७३ यांच्या वेगवेगळ्या अँटिबॉडी वापरून वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन किती आहे ते पट्टीवरून दाखवणारी चाचणी) करणार आहेस ना? मग चारही अवस्था काढ, कारण पट्टी कमी-जास्त दिसली तर ती कुठल्या चौरसामुळे हे तुला त्याच नकाशावर शोधायचं आहे. आणि मग फॉस्फेट उतरवणारेही हवेत: ३०८ साठी पीपी-२ए, ४७३ साठी फ्लिप. त्यांच्याशिवाय नकाशात एकेटी एकदा चालू झाला की कधी बंदच होणार नाही. प्रत्येक उतरवण्याचा चौरस वेगळा, फॉस्फेट बाहेर पडताना दाखव, एटीपी तिथे नको.

गाइडना दोन नकाशे दे. प्रबंधाच्या प्रकरणात लहान, परिशिष्टात मोठा, दोन्हींची एसबीजीएन-एमएल फाइल सोबत. मोठ्याची फाइल इथे चढव, रविवारी बघून चौरसागणिक लिहिते. रेघारंग ताईंना वेळ असेल तर मांडणी त्यांनाही दाखव.

रेघारंग

वेळ आहे. फाइल टाक, पण मुख्य वाट आधी सरळ करून टाक.